न्हाणीघरांतील बंब

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल-उटणें लागलें कीं घरांतील सर्वांचें लक्ष एका वस्तूकडे वळतें : तांब्याचा बंब! शहरांतील बहुतेक घरांतून विजेच्या व वायूच्या उपकरणांनीं त्याची जागा घेतली आहे. तथापि जुन्या वाड्यांतून, कोंकणांतील घरांतून आणि हौसेनें बांधलेल्या शेतघरांतून तो आजही धूर सोडीत उभा असलेला दिसतो. जाणतेपणानें चालविला तर तो थोड्या काटक्यांवर भागवितो; निष्काळजीपणानें चालविला तर लांकूड खातो, आणि प्रसंगीं जीवही घेतो. म्हणून त्याचें शास्त्र समजून घेणें अवश्य आहे.

बंबाची रचना मोठी युक्तीची आहे. पाण्याच्या उभ्या भांड्याच्या मधोमध एक पोकळ नळी असते. नळीच्या तळाशीं जाळी, व जाळीखालीं राख पडण्याची जागा. हवा खालून शिरते, विस्तव नळींत जळतो आणि उष्ण वायु पाण्याच्या पोटांतून वर जातात. चुलीवरील हंड्याला आंच लागते ती मुख्यतः बुडाशीं. बंबांत मात्र विस्तवच पाण्यानें वेढलेला असतो. रशियांतील समोवार याच तत्त्वावर चालतो. शिवाय तांबें हें लोखंडाच्या सुमारें पांचपट चांगलें उष्णतावाहक आहे.

आतां जळणाचा हिशेब पाहूं. स्नानाचें २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापविण्यास ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळलेलें लांकूड जळतांना सुमारें ४,००० किलोकॅलरी देतें. अर्थात् निम्मी उष्णता वायां गेली तरी एका स्नानास पाव किलो लांकूड पुरे! मग मोळीच्या मोळी जाते कोठें? याचें उत्तर बहुधा ओल्या लांकडांत सांपडतें. ताज्या तोडलेल्या लांकडाचें निम्में वजन पाण्याचेंच असूं शकतें. एक किलो अशा लांकडांतील अर्धा लिटर पाण्याची वाफ करण्यांतच तीनशेंहून अधिक किलोकॅलरी खर्ची पडतात. त्यांतच विस्तव थंडावतो, लांकडांतून निघणारे ज्वालाग्राही वायु पेट घेत नाहींत, आणि तेच धूर होऊन बाहेर पडतात. धूर म्हणजे न जळतां उडून गेलेलें जळणच होय. यास्तव लांकूड फोडून, पावसाळ्यापूर्वींच वाळवून, आडोशाला रचून ठेवावें.

बंब पेटविण्याचा क्रम एकच : आधीं पाणी, मग विस्तव. पाण्यावांचून तापलेल्या बंबाचे सांधे सुटतात आणि भांडें कायमचें गळूं लागतें. वाफ बाहेर पडण्याची वाट कधींही झांकूं अगर बुजवूं नये. कोंडलेली वाफ भांडें फोडूं शकते. जाळीवरील राख झाडून प्रथम कागद, चिपाडें वा नारळाची शेंडी पेटवावी. ज्वाळा धरल्यावर करवंट्या व अंगठ्याएवढ्या जाडीच्या काटक्या थोड्याथोड्यानें घालाव्या. नळी गच्च भरल्यास हवेचा मार्ग अडतो व धूर उलटून तोंडावर येतो. रॉकेल ओतून विस्तव भडकविण्याचा मोह सर्वथा टाळावा. नळींतील काजळी वरचेवर खरवडून काढावी, कारण ती उष्णतेला पाण्यापर्यंत पोंचूं देत नाहीं. आंत बसणाऱ्या क्षारांच्या थराचाही तोच दोष.

परंतु सर्वांत मोठें भय धुराचें नाहीं. न दिसणाऱ्या वायूचें आहे. हवा अपुरी पडली कीं लांकडापासून आणि विशेषतः निखाऱ्यांपासून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनाला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटीनें घट्ट चिकटतो. मग शरीराला प्राणवायु मिळेनासा होतो. डोकें दुखूं लागतें, भोंवळ येते, मळमळतें, हातपाय गळतात. स्नान करणाऱ्यास दार उघडण्याचेंही त्राण उरत नाहीं. धूर संपला, आतां निखारेच राहिले, म्हणून थंडीच्या दिवसांत बंब बंद न्हाणीघरांत ओढून घेणें हें साक्षात् संकटाला घरांत घेणें आहे. बंब परसांत अगर उघड्या पडवींतच असावा व गरम पाणी बादलीनें आंत न्यावें. कोणास भोंवळ आलीच तर दारें उघडून त्याला प्रथम मोकळ्या हवेंत आणावें व विलंब न लावितां रुग्णालयांत न्यावें.

राहिली गोष्ट मुलांची. बादलींत नेहमीं आधीं गार पाणी घ्यावें, कढत पाणी मागाहून. बंबाजवळ मूल एकटें सोडूं नये. पदर व ओढणी खोंचून घ्यावी. भाजल्यास त्या जागेवर वीस मिनिटें साध्या गार पाण्याची धार धरावी. शाई, हळद, दंतमंजन असले उपचार करूं नयेत.

जुन्या घरांतून बंब परसदारीं ठेवीत. त्या वडीलधाऱ्यांना कार्बन मोनॉक्साइड हें नांव ठाऊक नव्हतें. धुरापासून घर राखावें एवढाच त्यांचा हेतु असावा. पण त्या एका संवयीनें किती जीव राखले असतील! बंब नव्या घरांत आणतांना ही जुनी संवयही त्याच्याबरोबर आणली पाहिजे.