पार्श्वसेवा, संगणकीय

संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारी आणि कोणी वापरकर्ता समोर नसतानाही अखंड काम करीत राहणारी आज्ञावली. छपाईच्या कामांची रांग लावणे, टपाल स्वीकारणे, संकेतस्थळाची पाने पुरविणे इ. कामे अशा आज्ञावलींकडे असतात. युनिक्स परिवारात तिला ‘डीमन’ व विंडोज प्रणालीत ‘सर्व्हिस’ म्हणतात. डीमन ही संज्ञा मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या ‘प्रोजेक्ट मॅक’ या प्रकल्पात १९६३ च्या सुमारास रूढ झाली. भौतिकीतील मॅक्सवेल यांच्या, न थकता रेणू निवडीत बसणाऱ्या कल्पित राक्षसावरून ती घेतलेली आहे. सैतानाशी तिचा संबंध नाही.

परिचालन प्रणालीच्या दृष्टीने प्रत्येक प्रक्रिया कोणत्या ना कोणत्या खात्याच्या नावाने चालते. तिने कोणती फाइल वाचावी, कोठे लिहावे, कोणते पोर्ट उघडावे हे त्या खात्याच्या अधिकारांवरून ठरते. माणूस स्वतः आज्ञावली चालवितो तेव्हा ती त्याचे अधिकार घेते. पार्श्वसेवेमागे असा माणूस नसल्याने तिला एखादे खाते नेमून द्यावे लागते आणि बहुतेक अडचणींचे मूळ या नेमणुकीत असते. अधिकार अपुरे पडले तर सेवा मुकाट्याने बंद पडते; वाजवीपेक्षा जास्त दिले तर सेवेतील एका दोषाने सारा संगणक परक्याच्या हाती जातो. पहिली चूक लवकर ध्यानात येते, दुसरी वर्षानुवर्षे दडून राहू शकते. म्हणूनच अडलेली सेवा चालू करण्यासाठी तिला सर्वाधिकार देऊन टाकण्याचा मोह घातक ठरतो.

याचे ठळक उदाहरण २००१ मधील आहे. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळ-सेवेला जोडलेला शोधसूचीचा एक घटक प्रणालीच्या सर्वोच्च खात्याखाली चालत असे. राखीव स्मृतीत मावणार नाही इतका मजकूर पाठविला की, बाहेरच्यास त्याच खात्याचे अधिकार मिळत. ‘कोड रेड’ या संगणकीय कृमीने या दोषाचा फायदा घेऊन १९ जुलै २००१ रोजी १४ तासांच्या आत ३,५९,००० हून अधिक संगणक ग्रासले. कामापुरतेच अधिकार द्यावेत, हे तत्त्व सॉल्टझर व श्रोडर यांनी १९७५ मधील आपल्या लेखात स्पष्टपणे नोंदविलेले होते.

युनिक्समध्ये या तत्त्वाला एक जुनी अडचण आहे. १०२४ च्या खालील क्रमांकाचे पोर्ट परंपरेने फक्त ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यालाच उघडता येते आणि संकेतस्थळाचे पोर्ट ८० आहे. म्हणून सेवा रूट म्हणून सुरू होते, पोर्ट उघडते व मग साध्या खात्यावर उतरते. येथे क्रम महत्त्वाचा असतो : आधी गटांचे अधिकार सोडावयाचे, नंतर वापरकर्त्याचे, उलट केल्यास गट सोडण्याचा अधिकारच उरत नाही. अधिकार खरोखर सुटले की नाही, हेही पाहावे लागते. २००० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात असा दोष आढळला की, ‘सेंडमेल’ ही टपाल आज्ञावली अधिकार सोडल्याचे समजून पुढे जाई, प्रत्यक्षात मात्र ते परत मिळविता येत. सर्वाधिकार पुन्हा मागून पाहावा व तो मिळाल्यास तेथेच थांबावे, ही खबरदारी तेव्हापासून शहाणपणाची मानली जाते. लिनक्समध्ये आता केवळ पोर्ट उघडण्यापुरता सुटा अधिकारही देता येतो.

विंडोजमध्ये ‘लोकल सिस्टिम’ हे सर्वशक्तिमान खाते सेवांसाठी सर्रास वापरले जाई. त्याला पर्याय म्हणून विंडोज एक्सपी व सर्व्हर २००३ यांत ‘लोकल सर्व्हिस’ व ‘नेटवर्क सर्व्हिस’ ही मर्यादित खाती आली. व्हिस्टापासून सेवा वापरकर्त्याच्या पडद्यापासून वेगळ्या सत्रात ठेवल्या जातात. त्यामुळे एखाद्या सेवेने ‘पुढे जावे काय?’ अशी चौकट उघडली, तर ती कोणालाच दिसत नाही व सेवा उत्तराची वाट पाहत खोळंबते.

हाताने चालविली असता बिनचूक चालणारी आज्ञावली सेवा म्हणून चालत नाही, ही नित्याची तक्रार असून तिची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. वापरकर्त्याने जोडलेली नेटवर्कवरील ड्राइव्ह-अक्षरे सेवेला दिसत नाहीत. तिची चालू निर्देशिका वेगळी असते : विंडोजमध्ये प्रणालीची, युनिक्समध्ये बहुधा मूळ निर्देशिका, त्यामुळे अपुरा पत्ता दिलेली फाइल सापडत नाही. कोणी चाचणीसाठी ती एकदाच रूट म्हणून चालविली, तर त्या वेळी निर्माण झालेली नोंदवही रूटच्या मालकीची होते आणि दुसऱ्या दिवशी सेवेला तीत लिहिता येत नाही.

सेवेचे खाते कितीही काटेकोर निवडले, तरी तिची मूळ फाइल इतरांना बदलता येत असेल तर सारे व्यर्थ. विंडोजमध्ये याचेच एक फसवे रूप आढळते. सेवेच्या पत्त्यात रिकाम्या जागा असून तो अवतरणचिन्हांत घातलेला नसेल, तर प्रणाली पहिल्या रिकाम्या जागेपर्यंतच्या तुकड्यालाच आज्ञावलीचे नाव समजून ती प्रथम शोधते. त्या नावाची फाइल कोणी तेथे आधीच ठेवली असेल, तर सेवेच्या अधिकाराने तीच चालते.