भाच्याचे बिल

पाबळ म्हटले की लोकांना मस्तानीची कबर आठवते. मलाही तेवढेच ठाऊक होते. पण आमचा भाचा दहावीला नापास झाला आणि पाबळची वाट निराळ्याच कारणासाठी धरावी लागली.

चिंचवडला आमच्या घरी महिनाभर सुतकी कळा होती. वन्सं म्हणत, "चाकणला कुठल्याशा कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटवा त्याला!" हे म्हणाले, "आधी विज्ञान आश्रम तर पाहू." आश्रम म्हटल्यावर मी टाळमृदंगाची कल्पना करून गेले, तर आत शिरताच वेल्डिंगच्या ठिणग्या!

डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन केंद्रातील नोकरी सोडून 1983 साली त्यांनी शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावी आश्रम काढला. शाळेतून गळालेली मुले ढ नसतात, हाताने काम करता करता तीही शिकतात, हा त्यांचा विश्वास. 2003 साली ते गेले, पण काम थांबले नाही.

मुलांनी तिथेच राहून वर्षभर शिकायचे. लोखंडकाम-बांधकाम, वीज-ऊर्जा, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य, चारही विभाग प्रत्येकाला. मुलगा म्हणून स्वयंपाकघरातून सुटका नाही, हे ऐकून मला (खोटे कशाला बोलू?) फार बरे वाटले! पण खरी मेख पुढेच. सरावाची वस्तू भंगारात टाकायची नाही. गावाला उपयोगी पडेल असेच काम करायचे, माल-मजुरीचा हिशेब मांडायचा आणि मोल घ्यायचे. वाकडे फाटक कोण विकत घेईल? म्हणजे परीक्षक गावच! फळ्यावर ज्याला त्रैराशिक कधी उमगले नाही, तो भाचा पत्र्याचा अंदाज काढू लागला.

अमेरिकेबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक, एमआयटीच्या साहाय्याने, 2002 साली इथेच आली. संगणकावर आराखडा काढावा, यंत्राने तो कापून द्यावा!

"एवढे करून चाकणलाच जायचे असेल तर?" मी ह्यांना विचारले.

"जाईना! पण दुसरे काही येत नाही म्हणून जाणार नाही."

दिवाळीला भाचा घरी आला. वन्संना तुळशीभोवती कठडा हवा होता. त्याने तो स्वतः केला आणि आईच्या हाती बिल ठेवले: सळया, रंग, मजुरी.

"अगं वहिनी, आईकडून मजुरी?"

भाऊबिजेपर्यंत वन्सं त्याच्याशी बोलल्या नाहीत. मग पैसे मोजून दिले, पण बाजारात सळईचा भाव विचारून आल्यावरच.