दुर्गम भागातील दिशादर्शन : उपग्रह, टॅब्लेट आणि पूर्वतयारी

जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ४-जी मोबाइल सेवेपासून वंचित असलेल्या २४,६८० गावांपर्यंत ही सेवा पोहोचविण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली. दुर्गम भागात दूरसंचाराची किती मोठी उणीव होती, हे या आकड्यांवरून लक्षात येते. मात्र मोबाइलचा मनोरा ज्या गावात पोहोचलेला नाही, त्या गावावरही दिशादर्शक उपग्रहांचे संकेत अहोरात्र आणि विनामूल्य येत असतात. वनरक्षक, भूमापक, आरोग्य कर्मचारी, गिर्यारोहक आणि मच्छीमार या संकेतांचा उपयोग टॅब्लेट वा लॅपटॉपच्या साहाय्याने करू शकतात. ‘नेटवर्क नाही, म्हणजे जीपीएस चालणार नाही’ हा समज चुकीचा आहे. नेटवर्क नसताना ‘आपण कोठे आहोत’ हे उपग्रह सांगतात. परंतु त्या ठिकाणाचा नकाशा, स्थानाची अचूकता आणि संकटसमयी मदतीचा मार्ग यांची व्यवस्था आधीच करावी लागते. दुर्गम भागातील दिशादर्शनाचे यशापयश या पूर्वतयारीवर अवलंबून असते.

स्थाननिश्चितीचे तत्त्व

अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. १९७८ मध्ये या प्रणालीचा पहिला उपग्रह सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाली. नागरी वापरासाठीच्या संकेतांमध्ये हेतुपुरस्सर ठेवलेली त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. त्यानंतरच सर्वसामान्यांना काही मीटरपर्यंतची अचूकता उपलब्ध झाली. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या अन्य जागतिक प्रणाली होत.

प्रत्येक उपग्रह आपली स्थिती आणि नेमकी वेळ सतत प्रक्षेपित करतो. संकेत येण्यास लागलेल्या वेळेवरून रिसिव्हर उपग्रहापासूनचे अंतर काढतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळातील त्रुटी या चार अज्ञात राशी सोडविण्यासाठी किमान चार उपग्रहांचे संकेत आवश्यक असतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असल्याने वेळेत एक दशलक्षांश सेकंदाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. म्हणूनच उपग्रहांवर आण्विक घड्याळे बसविलेली असतात.

या प्रक्रियेत रिसिव्हर केवळ संकेत ग्रहण करतो; तो उपग्रहाकडे काहीही पाठवीत नाही. त्यामुळे तिला इंटरनेट किंवा सिमकार्ड लागत नाही. नेटवर्कचा लाभ होतो तो वेळेच्या बचतीत. उपग्रहांच्या कक्षांची माहिती मोबाइल जाळ्यातून मिळाल्यास स्थान काही सेकंदांत कळते. यास साहाय्यित जीपीएस म्हणतात. जाळे नसेल, तर ती माहिती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते. जीपीएस उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रक्षेपित करतो. सर्व उपग्रहांची स्थूल अनुक्रमणिका पूर्ण होण्यास मात्र साडेबारा मिनिटे लागतात. दीर्घकाळ बंद असलेले किंवा दूरच्या प्रदेशातून आणलेले उपकरण मोकळ्या आकाशाखाली पंधरा मिनिटे सुरू ठेवून मगच वाटचाल करावी, हे याचे कारण होय.

टॅब्लेट आणि लॅपटॉप : क्षमतांतील फरक

सिमकार्डची सोय असलेल्या टॅब्लेटमध्ये सामान्यतः उपग्रह-रिसिव्हर अंतर्भूत असतो. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या अनेक टॅब्लेटमध्ये आणि बहुतांश लॅपटॉपमध्ये तो नसतो. अशी उपकरणे शहरात नकाशावर आपले स्थान दाखवितात; परंतु ते आसपासच्या वाय-फाय जाळ्यांवरून किंवा इंटरनेट जोडणीवरून अंदाजलेले असते. जंगलात ही जाळी नसल्याने तो अंदाजही मिळत नाही. खरेदीच्या वेळी हा फरक तपासला गेला नाही, तर प्रत्यक्ष क्षेत्रात सर्वेक्षण पथकाच्या हाती निरुपयोगी यंत्र येते.

या उणिवेवर उपाय साधा आहे. यूएसबी किंवा ब्लूटूथने जोडता येणारा स्वतंत्र रिसिव्हर लॅपटॉपला स्थान पुरवू शकतो. क्यूजीआयएससारखी मुक्त संगणक प्रणाली ते स्थान नकाशावर दाखविते. मोठा पडदा आणि अधिक साठवणक्षमता यांमुळे तळावर मार्ग आखणे, नोंदी तपासणे आणि नकाशे तयार करणे यांसाठी लॅपटॉप उपयुक्त ठरतो. पायी फिरताना टॅब्लेट सोयीचा असतो. उन्हात अंधूक दिसणारा पडदा आणि थंडीत लवकर उतरणारी बॅटरी या मात्र दोहोंच्या मर्यादा आहेत. लडाखसारख्या प्रदेशात बॅटरी अंगाजवळ उबदार ठेवणे, जादा बॅटरी बाळगणे आणि कागदी नकाशा व होकायंत्र सोबत असणे हा तयारीचाच भाग होय.

नकाशाची पूर्वतयारी

रिसिव्हर केवळ अक्षांश-रेखांशाचे आकडे देतो. त्या आकड्यांना अर्थ प्राप्त होतो तो नकाशामुळे. इंटरनेटवर चालणारा नकाशा नेटवर्क गेल्यावर कोरा होतो. म्हणून आवश्यक क्षेत्राचे नकाशे आधीच उतरवून घ्यावे लागतात. ओपनस्ट्रीटमॅपवर आधारित अनेक ॲप्समध्ये ही सोय आहे. इस्रोने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर देशाची उपग्रह-चित्रे पाहता येतात. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशेही दुर्गम भागात मोलाचे ठरतात. फेब्रुवारी २०२१ ची भू-अवकाशीय माहितीविषयक मार्गदर्शक तत्त्वे आणि डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेले राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण यांमुळे भारतीय संस्थांसाठी नकाशांची निर्मिती व वापर पूर्वीपेक्षा सुलभ झाला आहे.

जुने नकाशे वापरताना मात्र एक दक्षता आवश्यक आहे. विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ ही संदर्भप्रणाली वापरते. दोहोंतील रूपांतर न करता स्थान टिपल्यास ते शंभर मीटरहून अधिक सरकलेले दिसू शकते. आकडे लिहिण्याच्या पद्धतींतही गोंधळ होतो. २० अंश ३० मिनिटे म्हणजे २०.५० अंश, ते २०.३० असे नोंदविल्यास स्थान २० किलोमीटरहून अधिक चुकते, कारण अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. बचावपथकाला स्थान कळविताना अशी चूक जीवघेणी ठरू शकते.

अचूकतेच्या मर्यादा आणि ‘गगन’

मोकळ्या मैदानात सर्वसाधारण टॅब्लेटने काढलेले स्थान काही मीटरपर्यंत अचूक असते. अरुंद दरीत आकाशाचा थोडाच भाग दिसतो, घनदाट वृक्षछत्राखाली संकेत क्षीण होतात आणि कड्यांवरून परावर्तित झालेले संकेत अंतर वाढवून दाखवितात. शिवाय संकेत आयनांबरातून येताना विलंबित होतात. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जात असल्याने आपल्या देशावरील आयनांबर विशेष अस्थिर असते.

या त्रुटी कमी करण्यासाठी इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ‘गगन’ प्रणाली विकसित केली. देशातील १५ संदर्भ केंद्रे जीपीएसमधील त्रुटी मोजतात आणि त्यांची दुरुस्ती जीसॅट मालिकेतील भूस्थिर उपग्रहांद्वारे प्रक्षेपित केली जाते. मूलतः विमानोड्डाणासाठी असलेली ही सेवा योग्य रिसिव्हर असल्यास जमिनीवरही उपयोगी पडते; सर्वच टॅब्लेटमध्ये मात्र तशी सोय नसते.

नाविक : स्वदेशी प्रणाली

परकीय प्रणालींवरील अवलंबन कमी करण्यासाठी २००६ मध्ये भारतीय प्रादेशिक दिशादर्शन उपग्रह प्रणालीस मंजुरी देण्यात आली. १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह सोडला गेला. २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा उपग्रह प्रक्षेपित झाल्यानंतर प्रणालीस ‘नाविक’ हे नाव मिळाले. भारत आणि सीमेपलीकडील सुमारे १,५०० किलोमीटरचा प्रदेश हे तिचे सेवाक्षेत्र. मूळ रचनेत तीन उपग्रह भूस्थिर आणि चार कलत्या भूसमकालिक कक्षेत होते.

नाविकची वाटचाल सुकर झालेली नाही. आयात केलेल्या आण्विक घड्याळांत बिघाड झाल्याने काही उपग्रहांची स्थाननिश्चिती सेवा खंडित झाली. ऑगस्ट २०१७ मधील बदली उपग्रहाचे उष्णताकवच विलग न झाल्याने ती मोहीम अयशस्वी ठरली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसविण्यात आले. जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार स्थाननिश्चितीची सेवा देणारे उपग्रह चार होते, म्हणजे आवश्यक किमान संख्येइतकेच.

सामान्य टॅब्लेटच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. मूळ नाविक एल-५ आणि एस या पट्ट्यांत प्रक्षेपण करीत असे, तर स्वस्त उपकरणे प्रामुख्याने एल-१ पट्टा वापरतात. एनव्हीएस मालिकेत एल-१ संकेताचा समावेश करण्यात आला, तो याच कारणास्तव. अनेक प्रणालींचे संकेत एकत्रितपणे घेणारे उपकरण दरीखोऱ्यांत अधिक भरवशाचे ठरते, कारण दृष्टिपथातील उपग्रहांची संख्या वाढते.

समुद्रावरील धडा

किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरनंतर मोबाइल संपर्क संपतो. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ वेगाने तीव्र झाले, तेव्हा खोल समुद्रात असलेल्या केरळ व तमिळनाडूच्या मच्छीमारांपर्यंत इशारा पोहोचविता आला नाही. अनेक जण मृत्युमुखी पडले वा बेपत्ता झाले. काही नौकांनी सिंधुदुर्गातील देवगड बंदरात आश्रय घेतला. नौकेवर जीपीएस असणे आणि नौकेला इशारा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आपत्तीने दाखवून दिले.

त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपकरण सादर झाले. गगनच्या उपग्रहांमार्फत आलेले चक्रीवादळ, उंच लाटा आणि संभाव्य मत्स्यक्षेत्रे यांविषयीचे संदेश ते ग्रहण करते आणि ब्लूटूथने मच्छीमाराच्या मोबाइलकडे पाठविते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने तयार केलेले ॲप ते नऊ प्रादेशिक भाषांत दाखविते. मात्र हा संदेश एकमार्गी असतो. ही उणीव भरून काढण्यासाठी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे द्विमार्गी संपर्क देणाऱ्या एक लाख ट्रान्सपाँडरच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. तिचा खर्च सुमारे ३६० कोटी रुपये असून १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांचा तीत समावेश आहे.

सर्वसामान्य टॅब्लेट केवळ स्थान सांगतो. मदतीची हाक देऊ शकत नाही. ती देणारे उपग्रह फोन किंवा संदेशयंत्र भारतात शासनाच्या परवानगीविना बाळगणे व वापरणे बेकायदेशीर आहे. म्हणून एकट्याने दुर्गम भागात जाणाऱ्याने आपला मार्ग आणि परतण्याची वेळ मागे कोणास तरी सांगून ठेवणे अत्यावश्यक ठरते.

वनहक्क आणि मोजणीचा प्रश्न

वन हक्क अधिनियम, २००६ अन्वये वैयक्तिक वापराखालील वनजमिनीवर कमाल चार हेक्टरपर्यंत हक्क मान्य होऊ शकतो. दाव्याची हद्द मोजण्यासाठी जीपीएसचा वापर होतो. येथे अचूकतेचा प्रश्न थेट उपजीविकेशी भिडतो. एक एकर चौरस शेताची बाजू सुमारे ६४ मीटर असते. टोकाचे उदाहरण घेऊन चारही हद्दी पाच मीटर आत नोंदल्या गेल्या असे मानले, तर मोजलेले क्षेत्र मूळ क्षेत्राच्या सुमारे ७१ टक्केच भरते. चार हेक्टरच्या क्षेत्रात तेवढ्याच चुकीने ते सुमारे ९० टक्के भरेल. धारण जितके लहान, तितके यंत्राच्या चुकीने होणारे नुकसान मोठे. प्रत्येक कोपऱ्यावर काही मिनिटे थांबून सरासरी घेणे, वेगळ्या वेळी हद्द पुन्हा चालणे आणि दावेदारासमक्ष नोंद करणे हे त्यावरील उपाय होत.

या संदर्भात नियमांतील २०१२ च्या दुरुस्तीची तरतूद विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. नियम १२-क नुसार उपग्रह-चित्रे व अन्य तंत्रज्ञान हे दावेदाराच्या इतर पुराव्यांना पूरक ठरू शकते. त्यांची जागा घेऊ शकत नाही. झाडांच्या सावलीतील छोटे शेत उपग्रह-चित्रात दिसत नाही, एवढ्यावरून दावा फेटाळणे या तरतुदीशी विसंगत ठरते. ज्येष्ठांची साक्ष, जुन्या बांधांच्या खुणा आणि ग्रामसभेचा ठराव यांचे महत्त्व कायम राहते.

समारोप

व्याघ्र प्रकल्पांत गस्तीच्या नोंदींसाठी वापरली जाणारी एम-स्ट्राइप्स प्रणाली, एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील ड्रोन-सर्वेक्षण यांसारख्या उपक्रमांमुळे उपग्रहाधारित स्थाननिश्चिती ग्रामीण प्रशासनाचा नित्याचा भाग बनत आहे. उपकरणांचे वाटप हा या कार्याचा सोपा भाग होय. रिसिव्हर असलेले उपकरण निवडणे, स्थानिक भाषेतील नकाशे आधी उतरवून ठेवणे, अचूकतेची मर्यादा नोंदीत लिहिणे आणि गावातील युवकांना मोजणीचे प्रशिक्षण देणे यांकडे तितकेच लक्ष पुरवावे लागेल. ज्या गावाची जमीन मोजली जाते, त्या गावाला मोजणी वाचता व तपासता आली, तरच उपग्रहाकडून मिळालेले आकडे त्याच्या हक्काचे साधन बनतील.