नमुना रेल्वेचे रूळ हाताने कापणे

विजेवर चालणारी यंत्रे न वापरता करवत, पकड व कानस यांच्या साहाय्याने लघुरेल्वेचे रूळ हव्या त्या लांबीचे करणे, याला रूळ हाताने कापणे म्हणतात. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. तेथील प्रतिकृती १:८७ या, म्हणजे 'एचओ' प्रमाणातील आहेत. या प्रमाणात दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. पुणे मेट्रोच्या १,४३५ मिलिमीटर रुंदीच्या मार्गाचे ते लघुरूप ठरते.

गरज
लवचीक रूळ साधारणपणे ९१ सेंटिमीटर लांबीचे मिळतात. त्यांना वळण दिले असता आतला रूळ बाहेर सरकतो. काटकोनातील वळणात हा फरक सुमारे २६ मिलिमीटर असतो. म्हणून रूळ आधी वाकवून मगच जादा भाग कापतात. विद्युत्प्रवाहाचे स्वतंत्र विभाग पाडण्यासाठीही रुळात खाच करावी लागते.

पद्धत
रूळ बहुधा तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रधातूचे असतात. कापण्याची जागा टोकदार सुईने आखून रूळ लाकडी ठोकळ्यावर घट्ट धरतात. बारीक दात्यांची करवत किंवा सोनारी करवत हलक्या हाताने चालवतात; जोर दिल्यास रूळ स्लीपरपासून सुटतो. रूळ कापण्याची खास पकड वापरताना तिची सपाट बाजू राखून ठेवायच्या भागाकडे असावी. साध्या पकडीने रुळाचे टोक चेपते. उडणाऱ्या तुकड्यांपासून बचावासाठी चष्मा लावणे आवश्यक असते.

त्यानंतर कानशीने टोक काटकोनात सपाट करून माथ्याच्या आतील कडेवरील कंगोरा काढतात. तो राहिल्यास चाक त्यावर चढून गाडी घसरू शकते. शेवटच्या स्लीपरवरील पकडखुंट्या कापल्या की जोडपट्टी बसते. किसाला चुंबक ओढत नाही. त्यामुळे तो ब्रशने झाडावा, अन्यथा सांध्यात अडकून शॉर्टसर्किट होऊ शकते.

उष्णतेचा परिणाम
तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढल्यास ९१ सेंटिमीटरचा रूळ जवळपास अर्धा मिलिमीटर प्रसरण पावतो. यामुळे सांध्यांत थोडी फट ठेवतात. विभागणीच्या खाचेत मात्र प्लॅस्टिकचा तुकडा बसवतात. नाहीतर उन्हाळ्यात खाच मिटून विभाग पुन्हा जोडले जातात.