व्हिविटार २८३ : एका फ्लॅशगनची कैफियत

मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा बंद पडलेल्या एखाद्या फोटो स्टुडिओच्या कपाटात ज्या काळ्या, वजनदार फ्लॅशगन आजही सापडतात, त्यांत व्हिविटार २८३ या यंत्राइतका लौकिक दुसऱ्या एखाद्याने क्वचितच मिळवला असेल. १९७० च्या दशकात व्हिविटार या अमेरिकी कंपनीने ते बाजारात आणले आणि पुढे कित्येक वर्षे लग्नसमारंभांचे, वृत्तपत्रांचे आणि हौशी अशा तिन्ही वर्गांतील छायाचित्रकारांनी त्याच्यावर भरवसा ठेवला. आज असे यंत्र अल्प किमतीत हाती येते, त्याचा उजेड अद्याप प्रखर असतो आणि नव्या डिजिटल कॅमेऱ्याच्या माथ्यावर ते सहज बसतेही. परंतु या सहजपणातच एक खरा धोका दडलेला असल्यामुळे, त्याचे स्वरूप समजून घेतल्यावाचून ही जोडणी कोणी करू नये, आणि ते समजल्यावर मात्र केवळ भयापोटी इतके उत्तम यंत्र अडगळीत टाकू नये, एवढेच सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

छायाचित्रकाराला हुकमी उजेड सुखासुखी मिळालेला नाही. १८८७ साली जर्मनीत अडॉल्फ मीठे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत स्फोटक रसायने मिसळून ती पेटवण्याची युक्ती काढली. तिने अंधाऱ्या खोल्या उजळल्या खऱ्या, पण धूर, ठिणग्या आणि भाजण्याचे अपघात हेही तिच्यासोबत आले. १९३० च्या सुमारास काचेच्या फुग्यात धातूची पातळ पत्री जाळणारे बल्ब निघाले, ते पुष्कळ सुरक्षित होते, तथापि प्रत्येक बल्ब एकदाच उपयोगी पडे. त्याच काळात, १९३१ साली, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत विद्युत अभियांत्रिकीचे अध्ययन व अध्यापन करणारे हॅरल्ड एजर्टन यांनी साठवलेली वीज नळीतील वायूमधून क्षणार्धात सोडून, हवा तितक्या वेळा पुन्हा पुन्हा प्रकाश निर्माण करण्याची पद्धत विकसित केली. आजची प्रत्येक इलेक्ट्रॉनिक फ्लॅशगन याच तत्त्वाची वंशज आहे.

२८३ ची अंतर्रचना या तत्त्वाचा सुबोध दाखला होय. चार पेन्सिल सेलांची अल्प दाबाची वीज आतील मंडल तीनशे व्होल्टच्या घरात नेते, आणि ती वीज मुख्य कॅपॅसिटरमध्ये साठत असताना जो बारीक, चढत जाणारा आवाज ऐकू येतो तो याच रूपांतराचा. पुरेसा साठा झाला की मागचा दिवा लागतो. आयएसओ १०० ला या यंत्राचा गाइड नंबर १२० फूट आहे, म्हणजे १५ फुटांवरील माणसासाठी १२० ला १५ ने भागून येणारे एफ ८ हे ॲपर्चर योग्य ठरते. शिवाय यंत्राच्या पुढील अंगास बसवलेला सेन्सर समोरून परतणारा प्रकाश मोजतो आणि तो पुरेसा होताच थायरिस्टर या अर्धवाहक स्विचकरवी झोत तोडतो. उरलेली वीज वाया न जाता कॅपॅसिटरमध्येच राहते, त्यामुळे पुढचा झोत लवकर सिद्ध होतो आणि सेलही अधिक काळ टिकतात. डोके वर वळवून छतावर प्रकाश टाकला तरी सेन्सर विषयाकडेच पाहत राहतो, ही या रचनेतील विशेष दूरदृष्टी. हे सर्व काम यंत्र स्वतःच करत असल्यामुळे, ज्या कॅमेऱ्याशी त्याचा काडीचाही परिचय नाही त्या कॅमेऱ्याबरोबरही त्याची स्वयंचलित पद्धत बिनतक्रार चालते.

आता धोक्याकडे वळू. मुख्य कॅपॅसिटरखेरीज यंत्रात आणखी एक लहानसा कॅपॅसिटर असतो. शटर उघडल्यावर कॅमेरा हॉट शूचा, म्हणजे फ्लॅशगन बसवण्याच्या माथ्यावरील खाचेचा, मधला काँटॅक्ट आणि कडेची धातूची पट्टी यांना आतून जोडतो, आणि त्या जोडणीसरशी हा लहान कॅपॅसिटर एका कॉइलमध्ये रिता होऊन हजारो व्होल्टचा क्षणिक ठोका निर्माण करतो. त्या ठोक्याने नळीतील झेनॉन वायू वाहक बनतो आणि मुख्य साठ्याला वाट मिळते. जोडणी होण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या काँटॅक्टवर जो दाब ताटकळत उभा असतो, त्याला ट्रिगर व्होल्टेज म्हणतात. जुन्या कॅमेऱ्यात ही जोडणी धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकून होत असे, आणि दोनशे-तीनशे व्होल्ट त्या निमूटपणे सोसत. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र हेच काम अर्धवाहकाचा इवलासा स्विच करतो. त्याच्या कुवतीबाहेरचा दाब पडला, तर तो तत्काळ निकामी होईल, किंवा काही काळ तग धरून मग दगा देईल; म्हणून एकदा जोडले आणि काही बिघडले नाही, हा निर्धोकपणाचा पुरावा मानता येत नाही.

कॅमेऱ्याची कुवत किती, याचे एकच उत्तर नाही. आयएसओ १०३३० या आंतरराष्ट्रीय मानकात २४ व्होल्टची मर्यादा धरलेली आहे. निकॉनच्या अनेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिका २५० व्होल्टपेक्षा अधिक किंवा उलट्या दिशेचा दाब देऊ नये असे बजावतात, तर कॅननच्या कित्येक आरंभीच्या डिजिटल कॅमेऱ्यांसाठी ६ व्होल्ट हीच सुरक्षित सीमा समजली जात आली आहे. ज्याच्या पुस्तिकेत याविषयी काहीच मजकूर नाही, त्या कॅमेऱ्यासाठी सर्वांत लहान आकडा धरणे हाच शहाणपणाचा शिरस्ता. फ्लॅशगनच्या बाजूने पाहता तर नावावरही विसंबता येत नाही. कारण जपानात बनलेल्या आरंभीच्या २८३ यंत्रांत हा दाब दोनशे-तीनशे व्होल्टपर्यंत आढळतो, आणि पुढे इतर देशांत बनलेल्या, नावाने व रूपाने त्याच असलेल्या यंत्रांत तो दहा व्होल्टच्याही आत असू शकतो. सबब, परक्याने मोजलेल्या आकड्यांच्या याद्या वाचून आपल्या हातातील यंत्राचा निवाडा करू नये.

निवाडा मोजणीनेच करावा, आणि ती अवघड नाही. फ्लॅशगन कॅमेऱ्यावर न लावता, ताजे सेल घालून चालू करावी आणि दिवा लागल्यावरही थोडा वेळ थांबून साठा पूर्ण होऊ द्यावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या ५०० किंवा ६०० च्या पट्ट्यावर ठेवून त्याची लाल टोचणी पायाच्या मधल्या काँटॅक्टवर आणि काळी कडेच्या धातूवर टेकवावी. दोन्ही टोचण्या एकमेकींस लागू देऊ नयेत आणि धातूच्या टोकांना बोट लावू नये. आकड्यामागे ऋण चिन्ह दिसले, तर दाब उलट दिशेचा आहे असे समजून ते यंत्र थेट जोडण्याचा विचारच सोडावा. येथे डिजिटल मीटरच वापरावा, कारण काट्याचा जुना मीटर मोजताना स्वतःच पुष्कळ प्रवाह ओढतो आणि या मंडलातील दाब खऱ्यापेक्षा बराच कमी दाखवतो. अशी खोटी ग्वाही मोजणी न करण्यापेक्षाही घातक.

आकडा मोठा निघाला म्हणजे यंत्र बाद झाले असे नव्हे. तेव्हा कॅमेरा आणि फ्लॅशगन यांच्यामध्ये एक मध्यस्थ नेमावा. वाइन कंपनीचा सेफ-सिंक हा लहानसा तुकडा हॉट शूमध्ये बसून चारशे व्होल्टपर्यंतचा दाब स्वतः सोसतो आणि कॅमेऱ्याकडे सहा व्होल्टहून कमीच जाऊ देतो. रेडिओ ट्रिगर वापरला तर कॅमेऱ्याला केवळ प्रेषकाचा स्पर्श होतो आणि जुन्या यंत्राचा सगळा भार दूरच्या रिसीव्हरवर पडतो, मात्र त्या रिसीव्हरचीही मर्यादा तपासलेली असावी. तिसरा उपाय प्रकाशाने चालणाऱ्या स्लेव्हचा: कॅमेऱ्यावरील लहान फ्लॅश चमकताच तो जुन्या यंत्राला चालना देतो. फक्त कॅमेऱ्याचा फ्लॅश मॅन्युअलवर ठेवावा लागतो, अन्यथा टीटीएल, म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश मोजण्याच्या, पद्धतीतील पूर्वझोतानेच जुने यंत्र चित्र टिपण्याआधी रिते होऊन बसते.

प्रत्यक्ष वापरात कॅमेऱ्याला या यंत्राची ओळख पटत नाही, हे ध्यानात ठेवून कॅमेरा मॅन्युअलवर आणि शटर १/१२५ च्या आसपास ठेवावे. कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेपलीकडे, म्हणजे फ्लॅशशी जुळणाऱ्या कमाल शटरवेगापलीकडे, गेल्यास चित्राचा एक पट्टा काळा येतो. मिररलेस कॅमेऱ्यात मूक इलेक्ट्रॉनिक शटर बंद करावे, कारण त्यावर फ्लॅश सामान्यतः उडतच नाही. आणि पडद्यावर चित्र अंधारे दिसू लागले तर एक्स्पोजरचा परिणाम दाखवणारी सोय काढून टाकावी. फ्लॅशगन चढवताना वा उतरवताना ती बंद करून चाचणीच्या बटणाने उरलेला साठा उडवून टाकावा, कारण सरकताना तिचा काँटॅक्ट हॉट शूमधील शेजारच्या नाजूक पिनांवरून जातो, आणि त्या पिना अल्प दाबाच्या संदेशांसाठीच केलेल्या असतात.

वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्राच्या कॅपॅसिटरमधील पातळ ऑक्साइडचा थर क्षीण झालेला असतो. त्याला पूर्ववत होण्यास अवधी द्यावा: ताजे सेल घालून यंत्र काही मिनिटे चालू ठेवावे, सावकाश अंतराने मोजके झोत सोडावेत, आणि कवच फार तापले किंवा वास आला तर तत्काळ थांबावे. वापर संपताच सेल काढून ठेवावेत, कारण गळलेल्या सेलांनी जितकी यंत्रे खाल्ली तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने खाल्ली असतील. कवच मात्र कोणत्याही सबबीवर स्वतः उघडू नये. सेल काढल्यानंतरही मुख्य कॅपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतकी वीज दीर्घकाळ राहू शकते, आणि ते काम जाणत्या कारागिराचेच आहे.

पन्नास वर्षांपूर्वीचे यंत्र आजच्या कॅमेऱ्याबरोबर निर्वेधपणे काम करू शकते, याचे श्रेय त्याच्या मूळ रचनाकारांइतकेच ते तपासून घेणाऱ्यालाही आहे. म्हणून ज्याच्याकडे अशी फ्लॅशगन असेल त्याने तिचा दाब मोजावा, तो आकडा आणि मोजल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती यंत्राच्या पायाजवळ चिकटवावी, आणि यंत्र विकताना वा कोणास देताना ती चिठ्ठी काढू नये. पुढच्या धन्यानेही आपल्या हाताने पुन्हा मोजून त्याखाली नवी तारीख घालावी.