लांब केबल आणि उच्च स्पष्टतेचे चित्र

इ. स. १८५८ च्या ऑगस्ट महिन्यात अटलांटिक महासागराच्या तळावरून टाकलेल्या पहिल्या केबलमधून व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेस पाठविण्यात आला, तेव्हा त्यास सुमारे १६ तास लागले. एका टोकास दिलेला विजेचा आखूड ठोका दुसऱ्या टोकास पोहोचेपर्यंत पसरट होई व पुढील ठोक्यात मिसळून जाई. विल्यम टॉमसन यांनी ह्या घटनेची मीमांसा त्यापूर्वीच केली होती. परंतु तिच्याकडे दुर्लक्ष करून विद्युद्दाब वाढविण्यात आला, आणि मुळातच सदोष असलेली ती केबल काही आठवड्यांत निकामी झाली. ठोका पसरण्याचा हा प्रश्न आज घराच्या भिंतीत, पंधरा-वीस मीटरांच्या अंतरात, पुन्हा उभा राहतो. कारणे काहीशी निराळी आहेत. परिणाम मात्र तोच आहे.

एका खोलीतील यंत्रापासून दुसऱ्या खोलीतील पडद्यापर्यंत चित्र न्यावयाचे झाल्यास सामान्यतः एचडीएमआय केबल वापरतात. १९२० × १०८० बिंदूंचे चित्र सेकंदास ६० वेळा पाठविताना, दोन ओळींमधील व दोन चित्रांमधील मोकळा काळ धरून, दर सेकंदास १४ कोटी ८५ लाख बिंदूंचा हिशेब होतो. तीन मूळ रंगांसाठी तारांच्या तीन जोड्या असतात आणि प्रत्येक रंगाची आठ अंकांची संख्या दहा अंकांत रूपांतरित करून पाठविली जाते. म्हणजे प्रत्येक जोडीतून सेकंदास १४८ कोटी ५० लाख अंक धावतात. तारेतील संदेशाचा वेग लक्षात घेता, एका अंकाने व्यापलेली जागा जेमतेम १३ सेंटिमीटर भरते. ३८४० × २१६० बिंदूंच्या चित्रासाठी ही गती चौपट होते व अंकाची लांबी साडेतीन सेंटिमीटरांहूनही कमी होते.

इतक्या जलद बदलणारा प्रवाह तांब्याच्या संपूर्ण जाडीतून वाहत नाही. सेकंदास ७४ कोटी आवर्तने झाल्यास तो पृष्ठभागाजवळच्या, मिलिमीटरच्या सुमारे चारशेव्या भागाइतक्या थरातच एकवटतो. वाहण्यास जागा अपुरी पडल्याने रोध वाढतो. त्यातच तारेभोवतीचे निरोधक आवरणही काही ऊर्जा शोषून घेते. दोन्ही हानी कंप्रतेबरोबर वाढत असल्यामुळे संदेशातील जलद घटक अधिक क्षीण होतात, मंद घटक कमी. परिणामी अंकांच्या तीक्ष्ण कडा बोथट होऊन एकाची शेपटी दुसऱ्यावर पडते. लांबीचा परिणाम गुणाकाराने होतो, हेही ध्यानात घ्यावे. समजा, पाच मीटरांत एखाद्या कंप्रतेचा विद्युद्दाब निम्मा होत असेल, तर दहा मीटरांत तो चतुर्थांश आणि पंधरा मीटरांत अष्टमांश उरेल.

जुन्या पद्धतीच्या दूरचित्रवाणीत संदेश क्षीण झाला की चित्र हळूहळू धूसर होई, त्यामुळे दोषाची सूचना आगाऊ मिळे. अंकीय चित्राचे तसे नाही. ग्राहक यंत्राला केवळ ‘एक’ की ‘शून्य’ एवढाच निर्णय करावयाचा असतो. तो अचूक होत आहे तोवर चित्र निर्दोष दिसते. तो चुकू लागला की पडद्यावर चमकते ठिपके उमटतात, आणि थोड्याच अधिक हानीने पडदा काळा होतो. म्हणूनच महागड्या केबलने चित्राचे रंग अधिक खुलतात, हा समज निराधार होय. परंतु चित्र निर्दोष दिसते म्हणून केबलही सक्षम आहे, असे मानणे तितकेच चूक आहे. ती कड्याच्या टोकावर उभी असू शकेल. नवे यंत्र आणून चौपट तपशिलाचे चित्र पाठविताच तिची मर्यादा उघड होते; आणि तोवर केबल गिलाव्याखाली गाडली गेलेली असते.

ह्यावर तीन उपाय आहेत. पहिला, अंतर माफक असल्यास जाड तारांची केबल वापरणे, किंवा क्षीण झालेल्या जलद घटकांना पुन्हा उठाव देणारे मंडल जीत बसविले आहे, अशी केबल घेणे. दुसरा उपाय संदेशाचे रूपच बदलण्याचा. २०१० साली पुढे आलेल्या एचडीबेसटी पद्धतीत संगणकजाळ्याच्या केबलमधील पिळलेल्या तारांच्या चार जोड्या वापरतात. दोनाऐवजी सोळा पातळ्यांचे ठोके पाठविल्याने दर सेकंदाच्या ठोक्यांची संख्या आटोक्यात राहते, आणि १९२० × १०८० चे चित्र १०० मीटरांपर्यंत नेता येते. मात्र दोन्ही टोकांस स्वतंत्र यंत्रे लागतात. तिसरा उपाय प्रकाशाचा. ह्या केबलमध्ये सूक्ष्म लेझर संदेशाचे प्रकाशात रूपांतर करतात व तो प्रकाश काचतंतूतून जातो. तेथे तांब्यातील हानीचा प्रश्नच उरत नाही. मात्र अशा केबलची दिशा ठरलेली असते. उलटी टाकल्यास ती चालत नाही. तीव्र वाकही तिला सोसत नाही.

घर बांधताना ह्या विवेचनाचा एवढाच व्यावहारिक निष्कर्ष निघतो : केबल भिंतीत कायमची पुरू नये. जोडाचे टोक सुलभपणे जाईल अशी रुंद नळी मोठ्या वळणांनी बसवावी आणि तीत ओढदोरी ठेवावी. तसेच गिलावा करण्यापूर्वी केबलची परीक्षा आज लागणाऱ्या चित्रावर न घेता, पुढे लागू शकेल अशा सर्वाधिक तपशिलाच्या चित्रावर घ्यावी. केबल बदलता येते. ती बदलण्याची वाट मात्र भिंत उभी राहतानाच ठेवावी लागते.