किती पोती म्हणजे एक समोसा?

नागपूरच्या इतवारीत सकाळच्या वेळी मस्कासाथ किंवा किराणा ओळीत गेलात, तर दोन तऱ्हेची माणसे दिसतील. एक, पाठीवर पोती वाहणारे हमाल; दुसरी, गादीवर बसून खरेदी-विक्री पाहणारी. नाश्त्याची गाडी मात्र दोघांचीही एकच: तर्री-पोहे, समोसा, कचोरी. अलीकडे या गाडीपाशी तिसरा माणूसही उभा असतो. तो पहाटे फिरून किंवा व्यायामशाळेतून घाम गाळून आलेला असतो. त्याचे म्हणणे असे, की आज व्यायाम झाला आहे, तेव्हा दोन समोसे खाल्ले तरी चालतील. क्रिकेट खेळून परतणारी शाळकरी मुलेही हेच बोलतात.

हा हिशेब कितपत खरा आहे? नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानाने तो तपासता येतो.

एक हमाल ५० किलोग्रॅमचे पोते जमिनीवरून दीड मीटर उंच उचलतो असे समजू. गुरुत्वीय त्वरण ९.८ धरले, तर कार्य झाले ५० × ९.८ × १.५, म्हणजे ७३५ ज्यूल. आहारशास्त्रात आपण ज्याला एक उष्मांक म्हणतो, तो एक किलोकॅलरीचा, म्हणजे सुमारे ४,१८४ ज्यूलचा असतो. म्हणजे पोते खांद्यावर आले तरी ०.१८ उष्मांकाएवढेच कार्य झाले! अर्थात स्नायू हे काही पूर्ण कार्यक्षम यंत्र नव्हे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्केच कार्यात उतरते, बाकीची उष्णता होऊन जाते. त्यामुळे प्रत्यक्ष खर्च सुमारे ०.८ उष्मांक येतो. हमालाला वाकून पुन्हा उभे राहताना स्वतःचे धडही उचलावे लागते. त्यासाठी दीडपट धरा. दर पोत्यामागे झाले १.२ उष्मांक.

आता समोसा घ्या. साधारण १०० ग्रॅमच्या समोशात सुमारे २५० उष्मांक असतात. तेल जास्त मुरले असेल तर याहूनही अधिक. म्हणजे एका समोशासाठी २०० हून अधिक पोती उचलावी लागतील.

पोती उचलण्याऐवजी चालायचे म्हटले तर? सपाट रस्त्यावर ५० किलोग्रॅम वजनाच्या विद्यार्थ्याला एक किलोमीटर चालण्यासाठी, बसून राहण्यापेक्षा, २५ ते ३० उष्मांक जास्त लागतात. इतवारीहून सीताबर्डीला चालत जाऊन परत आले, तर जवळजवळ सात किलोमीटर होतात. एवढ्या पायपिटीत एका समोशाचीही फिट्टंफाट होत नाही. मनगटावरची घड्याळे पुष्कळदा याहून मोठा आकडा दाखवितात, कारण स्वस्थ बसूनही जी ऊर्जा खर्च झालीच असती, ती त्यात मिसळलेली असते. ती ऊर्जा थोडीथोडकी नव्हे. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांचे काम चालू ठेवून शरीर उबदार राखण्यासाठी १५ वर्षांच्या, ५० किलोग्रॅम वजनाच्या मुलाला किंवा मुलीला दिवसाला सुमारे १,३५० ते १,५५० उष्मांक लागतात. अर्ध्या तासाच्या व्यायामाची भर त्या मानाने लहान असते.

आपली फसगत होते ती दोन कारणांनी. पहिले कारण घाम. घाम शरीर थंड करण्यासाठी येतो, खर्च झालेले उष्मांक मोजण्यासाठी नव्हे. मे महिन्यात इतवारीत नुसते बसून राहिले तरी सदरा भिजतो! दुसरे कारण असे, की चमचमीत अन्नातील ऊर्जा डोळ्यांना दिसत नाही. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅममागे ४ उष्मांक मिळतात, तर तेलाच्या एका ग्रॅममागे ९. तर्रीवर जो लाल तवंग तरंगतो, तो पोह्यांवर दोन मोठे चमचे पडला तर तेवढ्यानेच २०० हून अधिक उष्मांक वाढतात. पोट भरल्याची जाणीव मात्र त्या मानाने वाढत नाही. कॅनडातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात निरोगी स्त्री-पुरुषांना यंत्रावर चालविले आणि किती ऊर्जा खर्च झाली असेल ते विचारले. त्यांचा अंदाज प्रत्यक्षाच्या तिप्पट-चौपट निघाला.

पण मग हमाल तेच खाऊन सडसडीत कसा राहतो? तो अर्धा तास नव्हे, दिवसभर राबतो, हे उघड उत्तर आहे. त्याखेरीज भुकेचाही एक भाग आहे, आणि त्याचा शोध भारतातच घेतला गेला. ज्याँ मेयर आणि त्यांचे सहकारी रॉय व मित्रा यांनी पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील २१३ कामगारांचा आहार आणि वजन तपासले. हा अभ्यास १९५६ साली प्रसिद्ध झाला. कामगारांत बैठे काम करणारे दुकानदार आणि कारकून होते, तसे जड ओझी वाहणारे मजूरही होते. मध्यम कामापासून अवजड कामापर्यंत श्रम वाढत गेले तसा आहारही वाढला, पण वजन वाढले नाही. सर्वांत कमी हालचाल करणाऱ्यांचा आहार सर्वांत कमी असायला हवा होता. प्रत्यक्षात तो कमी नव्हता, उलट जास्त होता. वजनही त्यांचेच जास्त होते. म्हणजे काही प्रमाणात श्रम करणाऱ्याची भूक श्रमांच्या मागोमाग चालते, आणि हालचाल फारच कमी झाली की ही सांगड सुटते. एका पाहणीवरून सगळे सिद्ध होत नाही. तरीही इतवारीतली गादी आणि हमाल डोळ्यांसमोर ठेवून ही पाहणी वाचण्याजोगी आहे. आखाडा सोडल्यावर ज्याचा खुराक सुटत नाही, अशा पैलवानाचे काय होते, हे तर गावोगावी ठाऊक आहे.

उष्मांकांचा मेळ बसला तरीही प्रश्न संपत नाही. व्यायामाने ऊर्जा खर्च होते. रोजच्या फरसाणातील जादा मीठ त्या हिशेबात येत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविते. तेच तेल वारंवार तापविले की त्यात ध्रुवीय संयुगे साठत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त झालेले तेल वापरू नये, असा नियम आपल्या देशात जुलै २०१८ पासून आहे. तेल आणि वनस्पती तुपातील औद्योगिक ट्रान्स मेदाम्लांवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. हे नियम अमुक इतकी पावले चालणाऱ्यांना वगळून केलेले नाहीत.

याचा अर्थ व्यायाम व्यर्थ आहे असा कोणी काढू नये. व्यायामानंतर कित्येक तास स्नायू रक्तातील साखर अधिक सहजपणे आत घेतात. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना, बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो, असे जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखविले. पुढे त्यांनीच गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांची कंबर नोकरीत शिरतानाच मोठी होती असे आढळले! त्यामुळे सगळे श्रेय जिन्याला देता येईना. पण हालचालीने हृदयाचा फायदा होतो, हे नंतरच्या अनेक अभ्यासांतून पक्के झाले. हा फायदा समोसा न खाताही मिळतो.

शाळेत करता येईल असा एक प्रयोग सांगतो. टिपकागदाचा तुकडा तराजूवर तोलून घ्या. गाडीवरून आणलेला समोसा त्यावर ठेवून, वर दुसरा तोललेला कागद हलकेच दाबून दहा मिनिटे थांबा. समोसा उचलून कागदांना चिकटलेले कण झटका आणि ते पुन्हा तोला. वाढलेल्या वजनाला ९ ने गुणले, की टिपल्या गेलेल्या तेलाचे उष्मांक मिळतील. वाढ ३ ग्रॅम आली तर २७ उष्मांक, म्हणजे साधारण एक किलोमीटर चाल. पदार्थ गरम असेल तर त्यातील थोडे पाणीही कागदात उतरते, म्हणून तो निवू द्यावा. पारीत मुरलेले तेल या रीतीने मोजता येत नाही. त्यासाठी विद्रावक लागतो, आणि असे विद्रावक चटकन पेट घेत असल्याने तो प्रयोग शिक्षकांनीही वर्गात करू नये.